न पटलेला पक्ष

वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या तरुणास, जो पक्ष त्याच्या स्वतःच्या मनाला पटत नाही तोच दुसऱ्याला पटवून देण्यास शिकवावे काय, हा प्रश्न वरवर पाहता महाविद्यालयाच्या आवारातला आहे. पण जरा खोलात शिरले म्हणजे असे दिसते की, आवाराबाहेरच्या पुष्कळ गोष्टींशी, विशेषतः आपल्या या सीमाभागाशी, तो जडलेला आहे; आणि म्हणूनच या पानांतून त्याचा विचार करणे मला अस्थानी वाटत नाही.

अभिरूप न्यायालय हा प्रकार ज्यांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक काल्पनिक खटला रचून तो विद्यार्थ्यांच्या हाती देतात. एका जोडीने वादीची बाजू घ्यावयाची, दुसरीने प्रतिवादीची. कोणी कोणती घ्यावी हे बहुधा चिठ्ठी ठरविते. मोठ्या स्पर्धांतून तर एकाच चमूला दोन्ही पक्षांचे लेखी युक्तिवाद तयार करून आणावे लागतात. या लेखी युक्तिवादाला विद्यार्थी 'मेमोरियल' म्हणतात आणि एकंदर प्रकाराला नुसते 'मूट'. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांत याला अभ्यासक्रमात स्थान आहे. वर्षाकाठी निदान तीन अभिरूप खटले, प्रत्येकास दहा गुण, त्यांतले पाच लेखनाचे व पाच तोंडी युक्तिवादाचे. बेळगावात १९३९ साली स्थापन झालेल्या राजा लखमगौडा विधि महाविद्यालयासारख्या संस्थांतून या प्रांताचे किती तरी वकील आणि न्यायाधीश बाहेर पडले. मराठी, कानडी व कोकणी घरांतली मुले तेथे एका बाकावर बसून इंग्रजीत भांडावयास शिकली.

या शिक्षणावरचा आक्षेप जुना आहे आणि तो विद्वानांपेक्षा सामान्य माणसाने अधिक स्पष्टपणे मांडलेला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणीत खर्चाची आणि विलंबाची धास्ती असतेच; पण तिच्या पोटात काळ्या कोटाविषयीचा एक संशयही दडलेला असतो. हा माणूस आज माझ्या बाजूने जितक्या आवेशाने बोलतो आहे तितक्याच आवेशाने उद्या माझ्याविरुद्ध बोलेल, मग याच्या शब्दाची किंमत ती काय? आपल्या परंपरेने रामशास्त्री प्रभुण्यांना डोक्यावर घेतले ते न्यायाधीश म्हणून. वकिलांमध्ये असा कोणी रामशास्त्री मराठी मनाने मानलेला नाही, आणि हे केवळ विस्मरणाने झाले असेल असे मला वाटत नाही.

आक्षेपाला वकिलांचे जे ठरावीक उत्तर आहे ते अठराव्या शतकात डॉक्टर जॉन्सन यांनी आपल्या चरित्रकाराला, म्हणजे बॉझवेलला, दिले होते. बॉझवेल स्वतः वकील. तेव्हा त्याच्या प्रश्नात जिज्ञासेइतकीच टोचणीही असावी. जॉन्सन यांच्या म्हणण्याचा आशय असा की, पक्ष खरा की खोटा हे न्यायाधीश ठरवीपर्यंत वकिलाला ठाऊक नसते; निर्णय करणे हे त्याचे कामच नव्हे. उत्तर चतुर आहे. परंतु वकील परिषदेने सनदधारकांसाठी केलेल्या नियमांत याहून अधिक भक्कम आधार सापडतो. आरोपीच्या अपराधाविषयी आपले खाजगी मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे, असे ते नियम सांगतात. ज्या न्यायालयात आपण वकिली करतो तेथील वकीलपत्र योग्य मोबदला मिळत असता घेण्यास वकील बांधलेला आहे, आणि नकार द्यावयाचा तर त्याला तसेच विशेष कारण हवे, असेही सांगतात. यामागे एक माणूस उभा आहे. त्याला कायद्याची भाषा येत नाही, आणि ती येणाऱ्या सर्वांनी पाठ फिरविली तर त्याची बाजू न ऐकताच निकाल होईल. एखाद्या आरोपीचे वकीलपत्र कोणीच घेऊ नये असे ठराव वकीलसंघ करतात, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बेकायदेशीर ठरविले. तरीही २०२० च्या फेब्रुवारीत, आपल्यापासून फारशा दूर नसलेल्या हुबळीत, राजद्रोहाचा आरोप आलेल्या काश्मिरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसाच ठराव झाला, बंगळुरूहून वकिलांना धारवाडच्या न्यायालयात यावे लागले, आणि उच्च न्यायालयाला आपली नापसंती व्यक्त करावी लागली. न पटलेल्या पक्षाचा वकील असणे ही चैन नसून गरज आहे, हे अशा वेळी कळते.

मात्र हे सारे समर्थन अशिलाच्या अस्तित्वावर उभे आहे, आणि अभिरूप न्यायालयात अशीलच नाही! ज्याच्या वतीने बोलावयाचे तो कागदावरचा एक कल्पित इसम किंवा कल्पित राज्य. त्याची बाजू कोणी मांडली नाही तर कोणाचेही काही बिघडत नाही. म्हणजे वकिलाला जे कर्तव्य म्हणून क्षम्य ठरते, किंबहुना भूषणावह ठरते, ते विद्यार्थी कर्तव्यावाचूनच करतो; मग तो नुसता सरावाने निर्ढावतो आहे असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? जॉन्सन येथे आपल्या उपयोगी पडत नाहीत.

उत्तर शोधावयाचे तर मला वाटते ते न्यायशास्त्राकडे, आणि येथे न्यायशास्त्र हा शब्द मी गौतमाच्या अर्थाने वापरतो. त्याने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा ती वितंडा. कोर्टातले भांडण उघड उघड जल्पाच्या घरातले. पण गौतमाने जल्पाला सरसकट त्याज्य मानले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काट्याची फांदी लावतात, तसा जल्पाचा उपयोग सत्याच्या राखणीसाठी होऊ शकतो असे तो म्हणतो. आपल्याकडच्या भाष्यकारांनी यापुढे जाऊन एक शिस्त घालून दिली: आपला सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा मांडावयाचा की पूर्वपक्षी स्वतः येऊन बसला तरी त्याने हे माझेच म्हणणे आहे अशी मान डोलवावी. या कामाला अशील लागत नाही. पूर्वपक्ष नीट मांडणारा भाष्यकार ढोंगी आहे असेही कोणी म्हणत नाही.

तर मग अभिरूप न्यायालयातला लेखी युक्तिवाद हा पूर्वपक्षाचा सराव आहे असे म्हणता येईल काय? येईल, पण एका अटीवर; आणि ती अट उदाहरणावाचून स्पष्ट होणार नाही.

निपाणीच्या बाजूचे उदाहरण घेऊ. तंबाखूच्या वेष्टनावर धोक्याची चित्रे किती मोठी असावीत हा वाद कल्पित नाही. २०१४ साली केलेल्या नियमांनी ती वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर छापणे भाग पडले. देशभरचे तत्संबंधीचे खटले कर्नाटक उच्च न्यायालयाकडे आले, त्या न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केले, आणि ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. अभिरूप खटल्यासाठी याहून चांगली सामग्री नाही. आता समजा, चिठ्ठी टाकल्यावर सरकारची बाजू निपाणीकडच्या एखाद्या तंबाखू पिकविणाऱ्या घरातल्या मुलाच्या वाट्याला आली. त्याच्या घरच्या भाकरीवर त्याने शस्त्र चालवावयाचे आहे. ६ एप्रिल १९८१ रोजी निपाणीच्या तंबाखू आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने बारा शेतकरी मेले, हे त्याने पुस्तकात वाचलेले नसते; ते त्याने चुलत्यांच्या तोंडून ऐकलेले असते.

परीक्षक म्हणून असे लेखी युक्तिवाद वाचण्याचा योग मला अधूनमधून येतो, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. न पटलेला पक्ष माणूस पहिल्यांदा लिहितो तेव्हा तो अतिशयोक्तीने लिहितो. तंबाखू हे हलाहल आहे, व्यापारी नरराक्षस आहेत, सरकार प्रजेचा पिता आहे! वाचणाऱ्याला वाटते, पोराने काय जोर लावला आहे. वस्तुतः तो जोर नसून अनादर असतो. त्या पक्षाचा खरा पुरस्कर्ता कोठे थांबेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसते, म्हणून तो कोठेच थांबत नाही. अशा लेखनाने विरुद्ध पक्ष कळत तर नाहीच, उलट त्याचे एक बुजगावणे मात्र लिहिणाऱ्याच्या मनात कायमचे उभे राहते.

दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात, मुलगा बरा असेल तर, आवाज खाली येतो. पहिल्याच पानावर तो मान्य करतो की, विड्या वळणाऱ्या आणि वखारीत राबणाऱ्या हजारो बायकांचे पोट या धंद्यावर आहे, आणि राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिलेले आहे. अननुभवी लेखकाला ही कबुली आत्मघातकी वाटते. पण प्रतिपक्ष ती गोष्ट सांगणारच आहे. ती आपल्या तोंडून आली म्हणजे तिची धार आपल्या हाती राहते. मग तो विचारतो: व्यवसायाच्या स्वातंत्र्यात गिऱ्हाइकापासून धोका झाकण्याचे स्वातंत्र्यही येते काय? नियमाने विडी बंद केलेली नाही. फक्त वेष्टनाला बोलावयास लावले आहे. आणि विडी ओढणारा गिऱ्हाईक पुष्कळदा निरक्षर असतो, तेव्हा बारीक अक्षरांतला इशारा त्याच्यासाठी इशाराच नव्हे. चित्र हेच त्याचे वाचन. हा मुद्दा ज्याला सुचला त्या मुलाने सरकारचा पक्ष खऱ्या अर्थाने हाती घेतला असे मी समजतो. त्यानंतर त्याला आणखी एक अडचण दिसू लागते. वखारीत तंबाखूची भुकटी नाकातोंडात घेणारी बाई (अनिल अवचट यांनी निपाणीच्या या बायकांविषयी लिहिले आहे, ते जिज्ञासूंनी पाहावे) दोन्ही पक्षांची साक्षीदार आहे. व्यापारी म्हणतो तिचे पोट, सरकार म्हणते तिची छाती. तिला कोणी विचारले आहे काय, हा प्रश्न चिठ्ठीने ठरविलेल्या कोणत्याच बाजूत बसत नाही, परंतु तो सुचण्यासाठी दोन्ही बाजू लिहून पाहाव्या लागतात.

माझी अट ती हीच. पटवून देण्याचे बळ मान्य केलेल्या गोष्टींतून आले पाहिजे, लपविलेल्या गोष्टींतून नव्हे. कायद्यानेही येथे एक सीमा आखलेली आहे. इंग्लंडच्या सरदारसभेने १९२१ साली ग्लीब शुगर कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले की, आपल्याविरुद्ध जाणारा निवाडा वकिलाला माहीत असेल तर तो त्याने न्यायालयापुढे ठेवलाच पाहिजे. वाटल्यास तो प्रस्तुत प्रकरणाला का लागू पडत नाही ते सांगावे, पण गिळून टाकू नये. विद्यार्थी हे नियम पाठ करतात आणि तरीही निवाड्यातले अर्धे वाक्य उचलतात, 'परंतु' च्या अलीकडे थांबतात. गौतमाने याला छल म्हटले आहे, आणि त्याचे उदाहरण परंपरेने मोठे गमतीचे दिले आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याजवळ नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, खोटे, याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत? आजच्या पुष्कळशा मेमोरियलांतून मला या नऊ घोंगड्या भेटतात, आणि खेदाची गोष्ट अशी की परीक्षकांना त्या कधी कधी हुशारी वाटतात.

लेखनात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती क्रियापदाची. वकिलाने 'माझे निवेदन असे आहे' म्हणावे; 'माझी खात्री आहे' असे कधी म्हणू नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे. १८४० साली लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालला असता आरोपी कुर्व्हाझिए याने आपल्या वकिलाजवळ, म्हणजे चार्ल्स फिलिप्सजवळ, गुन्हा कबूल केला. फिलिप्सने बचाव पुढे चालविला, आणि त्यावरून वर्षानुवर्षे वादळ उठले. पण टीकाकारांचा रोख त्याने बचाव केला यावर तितका नव्हता. अशील निर्दोष आहे अशी स्वतःची श्रद्धा त्याने पणाला लावली की काय, यावर होता. युक्तिवाद उसना देता येतो, श्रद्धा उसनी देता येत नाही. 'निवेदन' या शब्दाच्या अलीकडे जो उभा राहतो तो खोटे बोलत नाही, कारण तो आपले मत सांगतच नाही. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

या दृष्टीने बेळगावशी जोडलेला एक जुना खटला मननीय आहे. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. ते आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन भाषणे राजद्रोही ठरवून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचे जामीन मागितले. टिळकांच्या वतीने उभे राहिले बॅरिस्टर जिना. भाषणे मराठीत, न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे. जिनांचा युक्तिवाद असा की, भाषण सुटी वाक्ये तोडून न वाचता सबंध वाचावे, आणि तसे वाचले म्हणजे टीकेचा रोख नोकरशाहीवर आहे, कायद्याने स्थापित सरकारवर नाही, हे दिसेल. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. सबंध वाचा, तुकडे करू नका, या एका मागणीत पटवून देण्याची सगळी प्रामाणिक कला सामावलेली होती. याउलट गोष्ट दिनशा दावर यांची. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे अर्ज चालविणारे बॅरिस्टर तेच, आणि तो मिळालाही. १९०८ साली न्यायमूर्ती होऊन बसल्यावर टिळकांचा जामीन नाकारणारे आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा सांगणारेही तेच. लोकांनी याला दांभिकपणा म्हटले. जामीन मागताना दावर निवेदन करीत होते, न्यायासनावरून ते निर्णय करीत होते. निर्णयाबद्दल त्यांना दोष द्यावा, मीही देतो, पण विसंगतीबद्दल नव्हे.

आता जो विषय टाळून हा लेख संपविता आला असता, त्याकडे वळतो. अभिरूप खटला रचणाऱ्यांनी समजा उद्या सीमाप्रश्नच दिला. महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याला वीस वर्षे उलटून गेली. दोन्ही बाजूंनी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हे पाटसकरांनी आंध्र-मद्रास वादात वापरलेले सूत्र महाराष्ट्राच्या हाती. तर राज्यपुनर्रचना आयोगाने चंदगड वगळता बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे ठेवला आणि १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी व खानापूर महाराष्ट्रास सुचवूनही बेळगाव शहर कर्नाटकातच राखले, हे कर्नाटकाच्या हाती. ज्या घरचा कर्ता पुरुष दर १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना वंदन करावयास जातो, त्या घरच्या मुलीला चिठ्ठीने कर्नाटकाची बाजू दिली तर?

ही वेळ केवळ आपल्यावरच येते असे नाही. १६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलात १,७२,१९१ मते 'दोन पाने' या चिन्हाला पडली आणि १,३८,१७० 'फूल' या विलीनीकरणाच्या चिन्हाला. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात तेव्हा किती मराठी वकिलांनी कोकणीचा पक्ष, तिच्या कैवाऱ्याला रुचेल असा, एकदा तरी लिहून पाहिला असेल? साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. तरी तो कागद आपल्याकडे बहुधा कोराच राहिला. आणि कोकणीच्या बाजूनेही मराठीविषयी तो तितकाच कोरा असावा असा माझा कयास आहे.

त्या मुलीने पक्ष बदलून मागितला तर द्यावा काय? सनदधारक वकिलाला विशेष कारणासाठी नकार देण्याची मोकळीक आहे; विद्यार्थ्याला मात्र चिठ्ठीपुढे मान तुकवावी लागते, हे मला विपरीत वाटते. माझे मत असे की, लेखनातून तिला सूट देऊ नये, पण भाषणातून मागितल्यास द्यावी. सभेपुढे उभे राहून बोलण्यात आवाज, चेहरा, डोळे हे सारे गुंतते. तेथे निवेदन आणि खात्री यांच्यातली रेघ ऐकणाऱ्याला दिसत नाही, आणि गावात उद्या तिच्या नावावर ते मत चिकटते. लेखनात तिची बुद्धीच तेवढी गुंतते. शिवाय बोलताना आवेशाने निभावून नेता येते. लिहिताना, खेड्याला घटक का मानू नये, जिल्ह्याचे ठाणे त्याच्या तालुक्यांपासून तोडावे काय, या प्रश्नांना उत्तरे द्यावीच लागतात. कानडी घरच्या मुलाच्या वाट्याला महाराष्ट्राचा पक्ष आला तर त्यालाही हाच न्याय: लोकांनी पिढ्यान् पिढ्या मतपेटीतून आणि रस्त्यावरून जे सांगितले त्याची घटनेत काय किंमत आहे, हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावे.

तोंडी परीक्षेचे पाच गुण अशा विद्यार्थ्याने गमवावेत असे मला वाटत नाही. दुसऱ्या एखाद्या खटल्यात ते त्याला मिळविता येतील, आणि वर्षाला तीन खटले असता ही सोय करणे अवघड नाही. राहता राहिला तो लिहिलेला कागद. परीक्षा झाली की तो बहुधा माळ्यावर जातो, कारण तो इंग्रजीत असतो आणि घरात ज्याच्याशी खरा वाद आहे त्याला वाचता येत नाही. तो मराठीत उतरवून वडिलांपुढे ठेवणाऱ्या मुलीला मी आणखी पाच गुण दिले असते, पण नियमांत तशी तरतूद नाही.